येसराचं पान

आमटीच्या येसर मसाल्यासाठी डाळ भाजायला घेतली, घरभर वास सुटला आणि मी मनानं माहेरी, कळमनुरीच्या चुलीपाशी जाऊन बसले. आईला लिहिता येत नव्हतं. ती सांगत होती, आणि मी शाळकरी पोर तिचा शब्द न् शब्द वहीत उतरवत होते.

‘डाळ लाल व्हईस्तोवर भाज. बाळू काहून रडून राहिला, बघ. आता धने टाक.’

आज माझी लेक ते पान मोबाइलवर उतरवून घेत होती. “आई, मामाचं रडणंपण लिहू?”

मला ठरवता येईना. बाळू रडेपर्यंतच डाळ भाजायची असेल तर? विचारायला आता आई नाही.

शेवटची ओळ होती, ‘बस झालं लिहिणं. चल, जेव.’

मी गॅस बंद केला, ताट घेऊन बसलेसुद्धा. मग कळेना, वाढणार कोण?