कौसाची ओळख

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, शाळेतल्या बरोबरीच्या बायकांना नाही. देवापुढेही उच्चारलं नाही — तिथं बोललं की माणसाला हलकं वाटतं, आणि मला हलकं वाटून घ्यायचं नव्हतं. मग आता तुमच्याशी का बोलते आहे? नीटसं मलाही ठाऊक नाही. बसा जरा. लांबलचक नाही.

जव्हारचं संस्थान मुंबई राज्यात गेलं, त्यानंतर लवकरच मी तिथं मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून गेले. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला होता. सासरी कुणी ठेवून घेईना, तेव्हा वसईच्या भावानं मला ट्रेनिंगला घातलं आणि नोकरी लागल्यावर गाडीत बसवून दिलं. माहेरून निघताना वहिनीनं एवढंच सांगितलं, "नीट राहा. विधवा बाईला नावं ठेवायला लोकांना वेळ लागत नाही." ते मी फार मनावर घेतलं. फारच.

एका घराच्या मागच्या बाजूला मला खोली मिळाली. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी भरेपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे. मुली पाड्यांवरून यायच्या, त्यांची घरची बोली वेगळी. माझं मराठी ऐकून तोंडावर पदर धरून हसायच्या. गावातल्या बायका मान द्यायच्या, पण घरी बोलवत नसत. मी स्वयंपाक करताना पुटपुटायला लागले होते. आपलाच आवाज ऐकू यावा म्हणून — असं कधी झालंय तुम्हांला?

त्या पावसाळ्यात शेजारच्या खोलीत कौसा राहायला आली. मधे नुसता कारवीचा कुड होता. ती तमाशात नाचायची. फड सिन्नरकडचा, पावसाळ्यात खेळ बंद, म्हणून बाकीची माणसं आपापल्या गावी गेली होती. कौसाचा मामा, भिवामामा, पेटी वाजवायचा. त्याची छाती भरली होती, घाट चढण्यासारखी त्याची स्थिती नव्हती. त्याच्यासाठी ती मागे राहिली.

सुरुवातीला मी दार लावून घ्यायची. मग एकदा मला ताप आला. कुडापलीकडून माझं खोकणं ऐकून ती नाचणीची पेज घेऊन आली आणि विचारलं-पुसलं काही नाही, माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. नवरा गेल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता. मी रडले. ती म्हणाली, "रडा, ताई. मोप रडा. पावसात कुनाला ऐकू जातंय?"

त्या दिवसापासून मी तिची ताई झाले.

तिला लिहिता येत नव्हतं, आणि आता लिहायची गरज पडली होती. राजाच्या वेळी दरबारातून कुणी मान हलवली की मैदानात खेळ व्हायचा. विलीनीकरणानंतर लायसन लागू झालं. गाणी आधी कचेरीत लिहून द्यायची. नाचणारणीनं स्वतः उभं राहून सांगायचं की मी माझ्या खुशीनं नाचते. आणि गावातल्या दोन अब्रूदार माणसांनी मामलेदारांपुढं सांगायचं — आम्ही हिला ओळखतो, हिची चालचलणूक चांगली आहे.

गाणी मी लिहून दिली. ती म्हणायची, मी लिहायची. एखाद्या ओळीवर माझी लेखणी थांबली की ती म्हणायची, "हितं सायेब भडकंल, व्हय?" मग आम्ही दोघी मिळून त्या जागी काहीतरी सोवळं घालायचो, आणि ते इतकं वाईट जमायचं की भिवामामाही खोकत खोकत हसायचा. एकदा दार लावून तिनं मला चार पावलं टाकायला लावली. मी नाचले. खरंच सांगते, नाचले. पुन्हा कधी नाही.

दोन माणसांपैकी एक शिंपी तयार झाला. दुसरं माणूस मिळेना. तिनं मला विचारलं नव्हतं, हे लक्षात घ्या. मीच म्हणाले, "मी येते की. मी नाही तर कोण तुला ओळखतं इथं?" ती म्हणाली, "बगा हां ताई. तुमाला तरास नगं."

कचेरीत गेलो तेव्हा मामलेदारांसमोर आमचे हेडमास्तर चहा घेत बसले होते.

शिंप्याचं सांगून झालं. मामलेदार भले गृहस्थ होते, चढ्या आवाजात बोलत नसत. मला म्हणाले, "बाई, ही म्हणते तुम्ही हिला ओळखता. आहे का ओळख?"

हेडमास्तरांनी कप खाली ठेवला. एवढंच केलं त्यांनी. मला काही विचारलं नाही, डोळे वटारले नाहीत.

मी म्हणाले, "नाही. शेजारी राहते, तेवढंच. आमचं बोलणं नाही."

माझ्या तोंडून ते सहज निघालं. अडखळलेही नाही. वर्गात हजेरी घेताना बोलावं तसं.

मामलेदार कौसाकडे वळले. आता ती काय म्हणेल? पेज, गाणी, ती चार पावलं — सगळं तिच्या हातात होतं. ती म्हणाली, "बाईंचं खरं हाय, सायेब. माजाच घोटाळा झाला. म्या दुसऱ्याच बाईचं नाव सांगाया गेले." कोणत्या बाईचं, असं त्यांनी विचारलं. "त्या गावाला गेल्यात," ती म्हणाली. दुसरं माणूस घेऊन ये, मग बघू, असं सांगून त्यांनी कागद बाजूला सारले.

येताना ती माझ्या बरीच मागे राहिली. मला वाटलं, रागानं. नंतर कळलं, लोकांनी आम्हांला बरोबर बघू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती बाजूला सरली आणि म्हणाली, "बाई, तुमी भरा आदी." ताई नाही. बाई.

इथंच थांबता आलं असतं, तर मी म्हणाले असते की घाबरले. घाबरलेल्या माणसाला लोक समजून घेतात. पण पुढं ऐका.

आठवड्यानं भिवामामा भिंतीला धरत धरत माझ्या दाराशी आला. फडाची माणसं घाट उतरून आली होती, भात कापून झालं होतं, खेळाचे दिवस वाया चालले होते. तो म्हणाला, "हेडमास्तर नाशकाला गेल्यात. मामलेदार सायेब एकलेच हायेत. तुमी नुसतं जाऊन सांगा, त्या दिवशी चूक झाली. कौसाला ठावं न्हाई मी आलोय त्ये."

भीती कुणाची होती त्या दिवशी? कुणाचीही नाही. मी शांतपणे विचार केला — एकदा नाही म्हटलं आहे, आता हो म्हटलं तर मी खोटी ठरेन. आणि मी त्याला म्हणाले, "मला नियमाबाहेर काही सांगता येणार नाही." कसला नियम? असा नियमच नव्हता. त्यानं मला हात जोडले आणि तो तसाच भिंत धरून परत गेला.

फड मोखाड्याच्या बाजूला निघून गेला. तिकडं एका बाजाराच्या गावी त्यांनी लायसन नसताना खेळ लावला आणि पकडले गेले. सामान जप्त झालं. माणसं पांगली. भिवामामा त्याच थंडीत गेला, हे शिंप्यानं मला सांगितलं. मी त्याच्याकडे झंपर शिवायला टाकायला गेले होते. त्यानं माप घेता घेता सांगितलं, आणि माझ्याकडे वर पाहिलं नाही.

शेजारच्या खोलीत मग एका तलाठ्याचं कुटुंब आलं. चांगली माणसं होती. मी दार लावून घ्यायची ते लावूनच घेतलं. पुढं मी मुख्याध्यापिका झाले. शाळेच्या एका समारंभात कुणीतरी भाषणात माझ्या स्वच्छ आचरणाचा दाखला दिला, मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी हार घालून घेतला.

काही वर्षांनी त्याच शिंप्यानं सांगितलं, कौसा मोखाड्याला आहे. नाच सोडला. सडकेच्या कामावर खडी फोडते, एकटीच राहते. माझी चौकशी करत होती म्हणे — बाईंची तब्येत बरी असते ना?

जव्हारहून मोखाड्याला रोज एसटी जायची. त्यानंतर मी पुष्कळ वर्षं जव्हारात होते.

मी गेले नाही.