दहापैकी चार

नवी मुंबईत इंग्रजी भाषा अजून धडधाकट आहे, याचं सगळं श्रेय आमच्या समोरच्या दारातल्या टीचरांचं, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. टीचर मूळच्या इथल्याच सारसोळे कोळीवाड्याच्या. आईच्या मासळीच्या पाटीशेजारी बसून त्यांनी इंग्रजी व्याकरण पाठ केलं, पुढे आयुष्यभर शाळेत तेच शिकवलं, आणि निवृत्तीनंतर आता आमच्या नेरूळच्या सोसायटीत राहून त्या दिसेल त्या वाक्यातली चूक काढतात. पर्समध्ये एक वेळ चष्मा नसेल, पण लाल पेन असतंच. अंगात सणसणीत ताप असताना त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवरची सूचना दुरुस्त केली आणि मगच सलाइन लावून घेतलं. भाच्याच्या हळदीला बॅनरवर 'कझिन ब्रदर्स'कडून शुभेच्छा छापल्या होत्या. टीचर खुर्चीवर चढल्या, बेंजो थांबला, त्यांनी 'ब्रदर्स'वर काट मारली, आणि खाली उतरून सगळ्यांच्या आधी नाचायला लागल्या. स्वतःचं बोलणं मात्र अजून पक्कं सारसोळ्याचं. त्यात कुणी खोट काढलेली त्यांना चालत नाही.

मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे सगळ्यात जास्त लाल शाई माझ्या वाट्याला आली. एकदा टाकी साफ करायची म्हणून सकाळी पाणी बंद राहील अशी नोटीस मी इंग्रजीत लावली. टीचरांनी ती रात्रीच काढून दुरुस्तीला घरी नेली. सकाळी निम्मी बिल्डिंग अंगाला साबण लावून नळाकडे बघत उभी होती. मी तणतणत गेलो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "पानी दुपारी परत येल रं. चुकीचं इंग्रजी एकदा पोरांच्या डोक्यात शिरलं का परत निघत नाय." आणि माझ्या हातात चार चुका काढलेली नोटीस ठेवली. खाली गुणही दिले होते, दहापैकी सहा. मला मेल्याला त्याचा आनंदच झाला.

या सहाचं कौतुक मी पुन्हा एकदा त्यांच्यासमोर केलं, तेव्हा टीचर उठल्या आणि कपाटातून एक जुनं पत्र घेऊन आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा बोटीवर इंजिनीयर आहे. तो ट्रेनिंगला गेला तेव्हा तिथे मोबाइलला बंदी होती, म्हणून घरी इंग्रजीत पत्रं लिहायचा. टीचर प्रत्येक पत्र तपासून, गुण देऊन त्याला परत पाठवायच्या. त्यांनी तपासून पाठवलेलं हे शेवटचं पत्र त्याने सुट्टीत येताना परत आणलं आणि टेबलावर ठेवून दिलं. मी वाचलं. रात्री झोप लागत नाही, समुद्राची भीती वाटते, घरी यावंसं वाटतं, असं त्यात त्या पोराने लिहिलं होतं. सगळीकडे लाल खुणा होत्या आणि खाली दहापैकी चार.

"मी चुका वाचल्या," टीचर म्हणाल्या. "पत्र वाचलंच नाय."

त्यानंतर त्याने आईला एकही वाक्य लिहिलं नाही. फोन करतो, तब्येत विचारतो. टीचरांच्या लांबलचक मेसेजला मात्र नुसता अंगठा पाठवतो. "अंगठ्यात काय चूक काढनार?" असं त्या हसून म्हणाल्या खऱ्या, पण ते हसू बघवत नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

गेल्या महिन्यात एका रविवारी टीचर मोबाइल घेऊन माझ्या दारात उभ्या. मुलासाठी त्यांनी मेसेज लिहिला होता: 'आय अ‍ॅम वेटिंग फॉर युवर लेटर सिन्स मेनी इयर्स. काइंडली रिप्लाय बॅक.' मी दोनदा वाचला. असलं इंग्रजी त्यांच्या हातून मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"तीन चुका घातल्यात," त्या हळूच म्हणाल्या. "जास्त नाय ना झाल्या? त्याला संशय येल."

मी म्हटलं, बरोबर आहेत. त्यांनी डोळे मिटून मेसेज पाठवला.

दोन दिवस काहीच आलं नाही, अंगठासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी टीचरांनी बेल वाजवली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. मुलाने त्यांचं वाक्य दुरुस्त करून पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'दहापैकी चार, आई.'

मी पुन्हा नीट पाहिलं. त्याने दोनच चुका काढल्या होत्या, 'रिप्लाय'नंतरचं जादा 'बॅक' तसंच होतं. "टीचर, एक सुटली की त्याच्या नजरेतून. कळवा त्याला."

टीचरांनी मोबाइल काढून घेतला आणि पदराला पुसला. "नको," त्या म्हणाल्या. "घरी येल तवा जवल बसवून दाखवीन."

बोट कधी परतणार हे त्यांनाही ठाऊक नाही. आमच्या नोटिसांवर लाल शाई पूर्वीसारखीच उमटते आहे. पण ती एक चूक टीचर रोज सकाळी उघडून वाचतात आणि तशीच राहू देतात.