दाराबाहेरचे डॉक्टर

१९५०च्या दशकात मी मद्रासला डॉक्टरकी शिकत होते. सुटीत जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करा, असा कॉलेजाचा आग्रह, म्हणून मी माझ्या गावी, कुंभकोणमला आले. आमचे डॉक्टर आमच्यासारखेच तंजावरी मराठी. शिकवण्याची तऱ्हा मात्र जगावेगळी. घरोघर मला पुढे घालायचे आणि स्वतः ओसरीवर बसायचे. मी मनातल्या मनात धुसफुसायचे. हे शिकवणं की छळ?

एका दुपारी कावेरीकाठच्या मराठी घरातून बोलावणं आलं. पहिलटकरीण सकाळी बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. दारातच तिच्या सासूबाई आडव्या आल्या. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं पाऊल पडायचं नाही, मग तो डॉक्टर का असेना. डॉक्टरांनी निमूट पेटी माझ्या हातात दिली. "तूं जा गे."

आत शेगडीचा धूर कोंडला होता. पोर माझ्याच वयाची, ओठ पांढरेफटक, अंगाखालचं लुगडं भिजून जड झालेलं. वाचलेलं एक अक्षर आठवेना.

"वार पुरी पडली कां?" दारापलीकडून डॉक्टरांचा आवाज आला.

बाळामागून पडलेली वार सुईणीने ठेवली होती; कुठे तुकडा तुटलाय का, ते मी उलटून पाहिलं. "पुरी आहे."

"पोट कसें लागतें हातास?"

"मऊ. कणकेवाणी."

"इंजेक्शन दे आणि चोळ. हात काढूं नको."

इंजेक्शन दिलं. चोळत राहिले. गर्भाशय जरा आवळायचं, पुन्हा ढिलं पडायचं आणि धार पुन्हा सुरू व्हायची. नाडी बोटांना सापडेनाशी झाली. मी ओरडले, "थांबत नाहीं! तुम्ही आंत या!"

बाहेर पाण्याचा तांब्या वाजला. मग, "मूल कोठें आहे?"

मूल कोपऱ्यात सुपात होतं, साखरपाणी चाटवून निजवलेलं. आणि मला एकदम आठवलं. मूल चोखू लागलं की गर्भाशय आवळतं. एक हात पोटावर ठेवून मी दुसरा सुपाकडे नेला, तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "तीन दिवस आंगावर पाजायचें नाहीं. पहिलें दूध वाईट. आमची पद्धत आहे."

"सून पाहिजे कां पद्धत पाहिजे?" मी खेकसले. वडीलधाऱ्या बाईशी असं मी जन्मात बोलले नव्हते.

त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मनगट सुटलं. मग त्यांनीच मूल उचलून तिच्या छातीशी धरलं.

मूल ओढू लागलं. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या तळव्याखाली पोट घट्ट होत गेलं आणि घट्टच राहिलं. धार थांबली. पोरीने पाणी मागितलं. सासूबाई हमसून रडायला लागल्या.

ती सावरेपर्यंत मी हलले नाही. मग डॉक्टरांना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून तणतणत बाहेर आले. ते ओसरीवर नव्हतेच. दाराला लागून उभे होते. बाह्या दुमडलेल्या, हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले आणि कुठे लागू नयेत म्हणून अधांतरी धरलेले.

"तयार होतां, तर आंत कां नाहीं आलां?"

"आणखी एक हाक मारली असतीस, तर आलोंच असतों." त्यांचा आवाज कापत होता. "पण मी आंत शिरलों असतों, तर पुढल्या बाळंतपणास ह्या माणसांनीं कोणासच बोलावलें नसतें."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतका वेळ ते माझ्याहून जास्त घाबरले होते.

त्या सुनेच्या दुसऱ्या खेपेला मी शिकून परत आले होते. कळा सुरू होताच सासूबाई स्वतः बोलवायला आल्या. डॉक्टरांसाठी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी खुर्ची मांडूनच आल्या होत्या.