तिसरी अट आपोआप येते

अन्याय झाला तो माझ्या मैत्रिणीवर. यंदा, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी, सकाळच्या पहिल्या तासाला, एम.एस्सी. गणिताच्या भरल्या वर्गात.

ती सेमिनार देत होती. विषय केऑस, म्हणजे ठरल्या नियमातूनच उगवणारा गोंधळ. पुस्तकात त्याच्या तीन अटी. एक, कुठल्याही भागातून निघून कुठल्याही भागात पोचता यावं. दोन, जिथं बोट ठेवाल तिथं जवळपास, फिरून स्वतःच्याच जागी परतणारे बिंदू असावेत. तीन, सुरुवातीचा केसभर फरक पुढं मोठा व्हावा. ही म्हणाली, "सर, तिसरी वेगळी मागायची गरजच न्हाय. पहिल्या दोन असल्या की ती आपोआप येती."

"पुस्तकात तीन म्हणजे तीन. बस खाली."

वर्ग हसला. सिद्धता तिच्या हातातच राहिली.

सुट्टी संपली तरी ती त्या तासाला गेली नाही. प्रोजेक्टचा विषय बदलायला निघाली. याच विषयात संशोधन करायचं म्हणून राधानगरीहून रोज एसटीनं येणारी मुलगी!

मी पत्रकं लिहिणारा माणूस. हे कळलं त्याच संध्याकाळी पत्रक तयार: 'हुकूमशाहीचा धिक्कार!' तिनं वाचलं. "उद्गारचिन्हं बघून दमलो, मर्दा. सिद्धता कुठाय?"

"मला कळायला नको?"

"आमची एक म्हस रोज ठरल्या वाटेनं फिरून गोठ्यात येती. तिला खेटून उभी असलेली दुसरी गावभर उंडारती. सकाळी अंगाला अंग. दुपारी?"

"लांब."

"झालं की! परतणारे सगळीकडं, उंडारणारेबी सगळीकडं. मग शेजारी एकत्र राहतील कसे?"

मी पत्रक नव्यानं लिहिलं, नुसती सिद्धता. जागा पुरेना म्हणून 'बिंदू अनंत असावेत, त्यांना फिरवणारा नियम संतत, म्हणजे मध्येच न तुटणारा असावा' ही ओळ कापली. ती भडकली. "ती काढलीस तर सरच बरोबर ठरतात की! मोजक्याच म्हशी असल्या तर सगळ्याच परततील, उंडारणारी उरंलच कोण?" ओळ परत घातली.

पत्रक फक्त सरांच्या हातात दिलं. त्यांनी ते व्हरांड्यात उभ्याउभ्या वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. माणूस वाईट नव्हे; दोन शिक्षकांचे तास एकट्याच्या गळ्यात, पुस्तकाबाहेर बघायला सवड कुठली? तिला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "तुझं बरोबर आहे, बाळ." दार लावून.

तिनं विषय बदलला नाही. पण त्या तासाला अजून जात नाही. हसलेला वर्ग तिला अजून चुकीचीच समजतो.

तुम्ही शिकवत असाल, तर ज्याला भरल्या वर्गात खाली बसवलंत, त्याचं बरोबर होतं हे त्याच वर्गात, फळ्यापुढं उभं राहून सांगा. उद्याच्याच तासाला.