हिव भरलेलं यंत्र

आता घरचेच बसलोय म्हणून सांगतो. माझ्या हातून एक चूक झालीय आणि तिचा साक्षीदार आख्खा पेठ गाव आहे. चहा संपेपर्यंत ऐका. हसलात तरी चालेल.

बायकोला जाऊन वर्ष झालं तेव्हाची गोष्ट. माझी नात वैशू इंजिनेरिंग शिकते. तिच्या मोबाइलात आजीचं एकच चित्रीकरण होतं, पण माझे डोळे असे अधू. मोबाइलात बायको करंगळीएवढी, म्हणजे मला दिसायचीच नाही. वैशू म्हणाली, "आबा, वर्षश्राद्धाला आजी तुम्हाला दारापेक्षा मोठी दाखवते."

तिनं स्वतः जोडलेला प्रोजेक्टर आणला. अंगणात माझं धोतर ताणून पडदा केला. मग मला समजावलं, "आबा, यात नखाएवढी चिप आहे. तिच्यावर लाखो बारीक आरसे. त्यांना सोसेल तेवढाच उजेड टाकायचा. गरम झाले की आखडतात, परत हलत नाहीत, तिथं पांढरा ठिपका राहतो. आणि तापल्यावर आपोआप बंद व्हायची सोय अजून बसवायची राहिलीय. लई नाजूक काम आहे, जपा."

मी मान हलवली. खरं सांगू? त्यातलं 'जपा' तेवढं कळलं.

दिवेलागणीला तिनं यंत्र चालू केलं आणि ती पुढं पडद्यापाशी बायकांना बसवायला गेली. मी यंत्राजवळ राखणीला. थंडी मरणाची. सहज हात लावला तर यंत्र थरथरत होतं. अंग तापलेलं, कुशीतल्या जाळीतून गरम वाफ. जन्म मेंढरांमागं गेला माझा. अंग गरम आणि वर कापरं, म्हणजे काय? हिव भरलं. मी खांद्यावरची काळी घोंगडी काढली आणि यंत्राला चहूबाजूंनी गुंडाळली. उजेडाचा डोळा तेवढा उघडा ठेवला.

अंधारात काळी घोंगडी कुणाला दिसणार?

पडद्यावर बायको आली. गोठ्यात उभी, खरंच दारापेक्षा मोठी. पण मला धूसरच.

"वैशू, उजेड वाढव की जरा."

"थोडाच वाढवते हं, आबा," म्हणत तिनं मोबाइलवरून वाढवला.

पडद्यावर बायकोच्या केसांत एक पांढरा ठिपका उमटला. मग दहा. मग कपाळावर, गालावर. मला वाटलं, आपलेच डोळे. डोळे पुसले.

माझा धाकटा भाऊ तात्या म्हणाला, "दादा, वहिनीवर चांदणं सांडलंय का?"

"तुलाबी दिसतंय व्हय?"

"आंधळ्यालाबी दिसंल."

पुढं बसलेली वैशू ताडकन उठली. तेवढ्यात पडदा काळा झाला. लोकर जळाल्याचा वास सुटला. आवाजाचा डबा वेगळा होता, तो चालूच राहिला. अंधारात बायकोचा आवाज आला, अगदी तिच्या नेहमीच्या वैतागात.

"अहो, ती घोंगडी काढा आधी. गुदमरंल ते."

चित्रीकरण दोन वर्षांपूर्वीचं. तेव्हा मी नुकतं जन्मलेलं कोकरू असंच नाकापर्यंत गुंडाळलं होतं आणि ती मला रागावत होती. हे कळत असूनही मी उठलो आणि "काढतो, काढतो" म्हणत घोंगडी काढली.

वैशूनं यंत्राला हात लावला, चटकन मागं घेतला.

"गेलं का गं?" मी विचारलं.

"गेलं, आबा."

ती मला चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं. तात्याच तेवढा म्हणाला, "वहिनी गेली तरी हा ऐकतोय तिचं. जिती असताना ऐकलं असतंस तर?"

सगळे हसले. मीही हसलो. तिला मात्र नीट पाहायचं राहिलंच.

कोकरू त्या दिवशी वाचलं, कारण त्याच्याजवळ ती होती. आरशांच्या वाट्याला नुसता मी आलो.