दहा मार्कांची खिरापत

बास्केटबॉलच्या डंक स्पर्धेत सगळ्यांना दहा देणारे जज मला अजिबात सहन होत नाहीत. उंच उडी घ्यायची आणि चेंडू वरून रिंगमध्ये कोंबायचा, एवढाच खेळ. पण कोणती उडी भारी आणि कोणती नुसती शो-बाजी, हे सांगायला जज लागतो ना! टीव्हीवर परदेशातली स्पर्धा लागली की मी चहाचा कप हातात घेऊन ओरडत असते, "अरे, दोनदा चुकला तो, दहा कसले देता?" माझा नियम साधा. एक प्रयत्न चुकला, एक मार्क कमी. आणि आजवर मी कुणालाच नऊच्या वर जाऊ दिलेलं नाही. नवरा म्हणतो, "तुझ्यापुढे देव उडाला तरी साडेआठ."

आमच्या खांदेश्वरच्या मैदानावर दरवर्षी अशी स्पर्धा असते. इथे जज म्हणजे पाहुणे. त्यांना शाल-श्रीफळ द्यायचं, आणि त्यांनी कुणालाही न दुखवता दहाची पाटी दाखवायची. मग सगळेच बरोबरीत येतात आणि कप कुणाला, हे चिठ्ठी टाकून ठरतं. चिठ्ठी! माझं डोकंच फिरतं.

गेल्या वर्षी तिसरे पाहुणे आलेच नाहीत. आयोजक थेट माझ्याकडे. "वहिनी, दरवर्षी बाहेरून बोलता, आज बसाच."

"अहो, नवरा खेळतोय माझा!"

"मग काय झालं? सगळ्यांना दहाच तर द्यायचेत."

बसले. नवरा सहा फूट तीन इंच, पण चाळिशी उलटलेली, गुडघ्याला पट्टा. डॉक्टरांनी बजावलं होतं, यानंतर उड्या बंद. आधी दोनदा तो चिठ्ठीत हरला होता. कप घरी न्यायची ही शेवटची संधी.

फायनलला समोर एक कॉलेजकुमार. पहिल्याच प्रयत्नात साधा, स्वच्छ डंक. दहा, दहा, माझे आठ. मैदानात कुजबुज सुरू झाली.

मग नवरा. पहिला चेंडू रिंगला आपटला. दुसरा हातातूनच सुटला. तिसऱ्या वेळी मात्र गडी हवेत गेला, रिंगकडे पाठ केली आणि दोन्ही हातांनी डोक्यावरून चेंडू असा ठोकला, की मी किंचाळत उभी राहिले. शाल खाली, नारळ गडगडत कोर्टावर!

शेजारच्या दोघांच्या दहाच्या पाट्या वर. त्यातले तळवलीचे काका हळूच म्हणाले, "वहिनी, घरचाच मानूस हाय. द्या ना दहा."

पण प्रयत्न दोन चुकले होते. मी सातची पाटी उचलली. एका मार्काने कप गेला.

घरी जाताना मला रडूच येत होतं. उसाच्या रसाच्या गाडीपाशी नवरा थांबला. "दोन चुकांचे दोन कापलेस ना?"

"हो."

"म्हणजे उडी नऊची होती?"

"होतीच. नऊचीच होती."

त्याने रसाचा ग्लास तसाच गाडीवर ठेवला आणि भावाला फोन लावला. "अरे, कप जाऊ दे रे! हिने नऊ म्हटलं. हिने!"