लाल ठिपक्याचं ताट

हॉस्टेलला जाताना बाबांनी मला होडीतून खाडीपार सोडलं. समोरच्या काठावरून आमचं घर दिसायचं, तरी आय अशी रडली की जणू मी मस्कतला निघालोय. कोळीवाड्यातला पहिला डॉक्टर होणारा मी, उतरताना ट्रंकेसकट चिखलात आडवा झालेलो. त्याच ट्रंकेतल्या सुकटीच्या वासाने संध्याकाळी हॉस्टेलचा अख्खा मजला रिकामा केला. तुमच्यातले जे खरोखर लांब गेलेत ते हसतील. पण खाडीएवढ्या अंतरातही माणूस बराच लांब जातो.

पुढे मी शेवटच्या वर्षाला होतो, ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. एड्सच्या साथीचे दिवस. औषध नव्हतं, वॉर्डात कोपऱ्यातली खाट आणि तिच्याभोवती कुजबुज. शीळफाट्याजवळ गाडीतच कोसळलेल्या एका ट्रक ड्रायव्हरचं रक्त काढून मी सुईला टोपण लावत होतो. दोन्ही हातांनी, पेनाला लावतात तसं. तसं लावायचं नाही, हे आदल्याच दिवशी ज्युनिअर्सना ऐटीत शिकवणारा मीच. सुई टोपण चुकवून डाव्या तर्जनीत गेली. चार दिवसांनी त्याचा रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. रजिस्ट्रार म्हणाले, "तीन महिन्यांनी तुझी टेस्ट करू. तोवर अभ्यास कर."

मी रोज सकाळी आरशासमोर गळ्यातल्या गाठी चाचपल्या. मेसच्या डाळीने उतरलेलं दीड किलो वजन रोगाच्या नावावर टाकलं. दार लावून हेच करणारे हॉस्टेलवर आणखीही असणार. कोणी कोणाला विचारलं नाही. ड्रायव्हरने "डॉक्टरसाब, पानी" म्हटलं की मी दुसऱ्या खाटेवरचा चार्ट वाचायला लागायचो. तिसऱ्या आठवड्यात तो गेला. त्यानंतर एकदा घरी जाताना वाटलं, होडीतून मध्येच उतरावं. मग आठवलं, आपण कोळ्याचं पोर, बुडायलासुद्धा जमणार नाही. हसू आलं, आणि त्या हसण्याचीच भीती वाटली.

आमच्याकडे सगळे एका परातीत जेवायचे. आय काटे काढून एकेकापुढे मासा सारायची. एकत्र जेवल्याने हा रोग होत नाही, या उत्तरावर मी तोंडी परीक्षेत शाबासकी मिळवलेली. आणि घरी पोचल्यावर काय केलं, तर बहिणीच्या नेलपॉलिशने एका ताटामागे लाल ठिपका काढला. हे माझं, म्हटलं, दुसऱ्या कोणी घ्यायचं नाही. बाबा खाली मान घालून जेवत राहिले. आयच्या हातात काटे काढलेला बोयटाचा तुकडा तसाच राहिला.

"आमची किलस येतं क रं तुला?"

खरं सांगितलं असतं तर तिने तीन महिने अन्नाला हात लावला नसता. त्यापेक्षा तिला मी शिष्ट वाटलेला परवडला.

"हायजीन असतं, आय," मी म्हणालो.

टेस्ट निगेटिव्ह आली. मी तसाच होडी गाठून घरी गेलो, परातीला चिकटून बसलो. आय उठली. लाल ठिपक्याचं ताट धुतलं, पदराने पुसलं, माझ्यापुढे ठेवलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, मग म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू. अशा पुढच्या खेपा अकरा वर्षं झाल्या. मग आयच गेली.

आता डोंबिवलीत फ्लॅट आहे, डायनिंग टेबल आहे, सहा प्लेटी एकसारख्या. पण घरी जातो म्हणतो तेव्हा मी खाडीपलीकडचंच म्हणतो. तिथे वहिनी आजही तेच ताट काढते. डॉक्टरला वेगळं लागतं, असं आय सांगून गेलीय. ठिपका कधीच घासून गेला, तरी ताट तिला बरोबर सापडतं. सगळे परातीभोवती बसतात, मी हातभर अंतरावर. माझ्या माशातले काटे मीच काढतो. सर्जन आहे, तरी अजून नीट जमत नाही.